तंबू तिकडचा, आखाडा इकडचा

"बाई, ऐकलं का? आमच्या भाचेजावयानं हरीण मारलं!"

भिंतीपलीकडून सकाळी सकाळी असं वाक्य आलं की हातातला झाडू आपोआप थांबतो. त्यात सांगणाऱ्या आमच्या मावशी. गळ्यात तुळशीची माळ, नर्सी नामदेवाची एकादशी चुकत नाही, घरात अंड्याचं टरफलसुद्धा आलेलं चालत नाही. त्यांच्याच तोंडून ही बातमी, आणि तीही कौतुकानं!

मी घाबरून म्हटलं, "मावशी, हळू बोला. वनखात्याला कळलं म्हणजे?"

"हिकडं न्हाई हो, अमेरिकेत. डेन्व्हरला असतोय ना त्यो. हापिसातल्या दोस्तांसंगं डोंगरात तंबू ठोकून राह्यला व्हता. रात्री भाचीनं फोनवर समदं दाखवलं. तुमचा दिवा बंद दिसला, न्हाईतर रात्रीच हाक मारली असती."

तेवढ्यात डाव्या हाताच्या वहिनी कपडे वाळत घालायचं सोडून कुंपणाशी आल्या. बातमीचा वास त्यांना गिरणीच्या आवाजातही लागतो. "हरीण मारलं? मग खटला? सलमान खानचं काय झालं माहीत आहे ना!"

आता सलमानचं नाव निघालं की गप्पा जोधपूरला जाणारच. 'हम साथ साथ हैं'च्या शूटिंगच्या वेळी, १९९८ च्या ऑक्टोबरात, कांकाणी गावाजवळ काळवीट मारल्याचा तो खटला. बिश्नोई लोकांनी हरणासाठी वीस वर्षं पाठ सोडली नाही. एप्रिल २०१८ मध्ये कोर्टानं त्याला पाच वर्षांची शिक्षा सुनावली आणि दोन दिवसांनी तो जामिनावर बाहेरही आला. सैफ, तब्बू, नीलम आणि आपली सोनाली बेंद्रे निर्दोष सुटले. वहिनींना सोनालीचं सुटणं फार महत्त्वाचं वाटतं. "मी तेव्हाच म्हटलं होतं, ती तशी नाही," असं त्या अजून सांगतात.

"तसलं काय न्हाई," मावशी म्हणाल्या. "तिकडं समदं कागदोपत्री असतंय. पास होऊन बंदूक धरायची."

हे मात्र खरं. डेन्व्हर ज्या राज्यात आहे त्या कोलोरॅडोत हरीण काय, एल्क काय, मारायचं तर आधी शिकाऱ्याचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या कुणालाही त्यातून सुटका नाही. मग पुष्कळ परवान्यांसाठी सोडत. ज्याचा नंबर लागत नाही त्याच्या नावावर गुण जमा होतात आणि पुढच्या वर्षी त्याची संधी वाढते. एका परवान्यावर एकच जनावर. पुष्कळ भागांत नराच्या शिंगाला किती फाटे हवेत हेही ठरलेलं.

"म्हणजे म्हाडाच्या घरासारखं," वहिनी म्हणाल्या.

"म्हाडात घर तरी लागतंय का कुणाला? हितं हरीण लागतंय!" मावशींनी एका वाक्यात म्हाडाचा निकाल लावला आणि पुढं सांगू लागल्या.

भाचेजावयाचा मुक्काम रॉकी पर्वतात, नऊ-दहा हजार फुटांवर. आपलं कळसूबाई पाच हजार चारशे फुटांचं. म्हणजे जवळजवळ दोन कळसूबाई एकावर एक ठेवायच्या आणि वर तंबू ठोकायचा. जाड कापडाचा तंबू, आत लाकडावर पेटणारी शेगडी, तिचं धुराडं छतातून बाहेर काढलेलं. पहाटे चारला उठून अंधारातच डोंगर चढायचा, झुंजुमुंजू होताना एखाद्या गवताळ उतारावर दबा धरून बसायचं. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या कुळातलाच, पण जास्त थोराड. नर तीनशे किलोपर्यंत सहज जातो. सप्टेंबरात माजावर आलेले नर अशी उंच शीळ घालतात की डोंगर दणाणतो. एकट्या कोलोरॅडोत असे अडीच लाखांच्या वर एल्क आहेत.

"आन् अंगात काय घालायचं म्हणाल तर भगवं!" मावशी हसत म्हणाल्या. "म्या भाचीला म्हणलं, वारीला निघालाय का शिकारीला?"

रायफलीच्या हंगामात तिथं अंगात आणि डोक्यावर झगझगीत नारंगी असायलाच हवं, गुलाबीही चालतं. हरणाच्या डोळ्याला नारंगी आणि हिरवा यांतला फरक फारसा कळत नाही, माणसाला मात्र तो रंग मैलभरावरून दिसतो. जनावरापासून लपायचं आणि दुसऱ्या शिकाऱ्याला दिसायचं, अशी दुहेरी सोय. शिवाय मारलेलं खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं हा तिथं गुन्हा आहे. म्हणून मग भाचेजावई आणि त्याचे दोस्त तिथंच सगळं कापून, पाठीवरच्या पिशव्यांत भरून खेपा घालत खाली आले. आता वर्षभर फ्रीजर भरलेला. परवान्याच्या पैशातून वन्यजीवखातं चालतं, जनावरांची मोजणी होते, आणि यंदा किती मारायची ते त्या मोजणीवरून ठरतं.

मावशींना यातलं मांसाचं काही ऐकवत नव्हतं. "राम राम राम," म्हणत त्या पुढच्या मुद्द्यावर आल्या. "म्या इचारलं, तंबूत रांधायचं कोण? भांडी कुणी घासायची? तर भाची म्हणती, त्यांच्यात एक बाई व्हती. म्या म्हणलं, मग तिच्याच गळ्यात पडलं असंल समदं. तर न्हाई! त्या बाईनं सोताच हरीण मारलं, आन् पुरुषांनी घासली भांडी."

यावर आम्ही तिघी क्षणभर गप्प झालो. हरणाचा धक्का आधीच पचला होता. हा भांड्यांचा होता.

वहिनींनी सावरत विचारलं, "आपल्याकडं आधी व्हायच्याच की शिकारी. तुमचे सासरे जायचे म्हणे?"

"जायचे कसले, नेले जायचे." मावशींनी पदर खोचला. जुनी गोष्ट सांगायची असली की त्यांचा पदर खोचला जातोच. निजामाच्या राज्यात जहागीरदार शिकारीला निघाले की आजूबाजूच्या गावांतून माणसं हाक्याला धरून आणायचे. तंबू, खानसामे, हुक्का, गालिचे पुढं. मागून पन्नास-साठ माणसं डबे, ढोल बडवत झुडपांतून जनावर रेटत न्यायची. रानडुक्कर उलटलं तर ते हाकेकऱ्यावर. गोळी सुटायची मचाणावरून. "सासरे म्हणायचे, निशाण चुकलं तर शिव्या आमाला, लागलं तर फोटो सरकारांचा. पायात काटे मात्र आमच्याच."

आमचं हिंगोली म्हणजे हैदराबादच्या फौजेची जुनी छावणी. त्या छावणीचा एक किस्सा मला माहीत होता, तो मी लगेच पुढं केला. मेडोज टेलर नावाचा इंग्रज अधिकारी निजामाच्या चाकरीत होता. त्याचं 'कन्फेशन्स ऑफ ए ठग' हे पुस्तक १८३९ साली आलं, आणि त्याच्या प्रस्तावनेत हिंगोलीचा उल्लेख आहे. इथं छावणीत हरीसिंग म्हणून एक अब्रूदार कापड व्यापारी होता. खुद्द टेलरचा त्याच्याशी देण्याघेण्याचा व्यवहार. हा हरीसिंग निघाला ठगांचा पुढारी! मुंबईहून माल येतोय म्हणून यानं जिल्ह्याच्या साहेबाकडूनच परवाना काढला, त्या मालाच्या मूळ धन्याला सोबत्यांसकट वाटेत मारलं आणि तेच कापड छावणीत उघड्यावर विकलं.

"अगं बाई!" वहिनींनी तोंडावर हात ठेवला.

"म्हणजे परवान्यावर शिकार आपल्याकडं तवापासून हाय," मावशी शांतपणे म्हणाल्या.

मग १९४८ चा सप्टेंबर आला, निजाम गेला, जहागिरी गेल्या. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि शिकारीवर बंदी आली. काळवीट, चिंकारा पहिल्या परिशिष्टात. मारलं तर तीन ते सात वर्षं तुरुंग. ज्यांनी दिवाणखान्यात शिंगं टांगली होती त्यांची शिंगं भिंतीवरच राहिली. पारध्याचं मात्र पोटच गेलं. फासेपारध्यांना इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं जन्मानंच गुन्हेगार ठरवलं होतं, तो कायदा १९५२ ला रद्द झाला, पण संशय काही रद्द झाला नाही.

"म्या लहान असताना पाह्यलाय पारधी," मावशी म्हणाल्या. "गाईच्या आडून आडून हळूहळू कळपाजवळ जायचा. गाय चरायलीय असंच वाटायचं हरणाला. दोऱ्यांचे फासे मांडून ठिवायचा आन् आवाज न करता एखादं धरायचा. ना ढोल, ना तंबू. त्याला पोलीस उचलून न्यायचे, आन् तंबूवाल्याला सलाम ठोकायचे."

मावशींचं शेत सेनगाव रस्त्याला, कयाधूच्या अंगाला. तिथं आता मुक्कामाला असतात रोही. पेपरात नीलगाय छापतात, पण आमच्याकडं शेतात शिरतं ते रोहीच. पावसाळ्यात सोयाबीनचे कोंब, दिवाळीनंतर तूर, पौषात हरभऱ्याचे घाटे. खाण्यापेक्षा तुडवणं जास्त. वर हरणांचे कळप वेगळे, रानडुकरं वेगळी. म्हणून आमच्याकडं कितीक जण हळदीकडं वळले. हळदीला रोही तोंड लावत नाही म्हणतात. पण सगळ्या रानात हळद लावायची तर पाणी कुठून आणायचं?

"आन् साड्यांचं काय?" वहिनींनी जखमेवर बोट ठेवलं.

मावशी एकदम पेटल्या. रानडुकराला साड्या बुजवतात म्हणून धुऱ्यावर खुंट्या ठोकून चौफेर जुन्या साड्या गुंडाळायची पद्धत आता गावोगाव आहे. काकांनी, म्हणजे मावशींच्या मालकांनी, परवा त्या गठ्ठ्यात बायकोची लेकीच्या लग्नातली आमसुली साडीही नेली. "रानात गेले तं मपली साडी वाऱ्यावर फडफडतीय. काठासकट! म्या म्हणलं, हे काय? तं म्हणतात, रंग गडद हाय, डुकराला लांबून दिसतंय. अहो, मंग तपलं धोतर गडद रंगवा की!"

साड्या झाल्या, सौर झटका मशीन झालं, कुत्र्याच्या भुंकण्याचा भोंगा झाला, पाइपची आवाजाची बंदूक झाली. काही जण चोरून तारेत थेट वीज सोडतात, आणि त्यात जनावराबरोबर घरचा माणूसही जातो. अशा बातम्या दर हंगामात येतात. रोही या सगळ्यांना चार रात्रींत सरावतं. शेवटी उपाय एकच, जुना, बिनविजेचा: जागल.

संध्याकाळी जेवणं उरकली की काका, दीर, शेजारचे दोघे आणि गावातले निवृत्त मास्तर आखाड्यावर जातात. आखाडा म्हणजे शेतातली बैलं बांधायची, अवजारं ठेवायची पत्र्याची सावली. बाजूला बाभळीवर माळा. खाली शेकोटी, हातात बॅटरी, जवळ गोफण. ज्वारी हुरड्यात आली की हुरडा, हरभरा भरला की ढाळे, कधी रोडगे आणि वांग्याची भाजी. मध्येच कुणीतरी उठून हाळी देतो, डबा वाजतो, रोही चार उड्या मारून पलीकडच्याच्या रानात जातं. मग पलीकडचा डबा वाजवतो, ते पुन्हा यांच्याकडं. रात्रभर असा रोह्याचा पाहुणचार, आणि मधल्या वेळात गावभरच्या उखाळ्यापाखाळ्या.

"नामदेवाच्या नर्सीजवळ आपण राहतो," मावशी म्हणाल्या. "त्यो कुत्र्याच्या मागं तुपाची वाटी घेऊन पळाला. आन् आमी त्याच मातीत रोह्याच्या मागं काठी घेऊन पळायलोत. देवाला काय वाटत असंल!"

मी म्हटलं, "मावशी, एक सांगते, बसा. तुमचं हेच रोही अमेरिकेत आहे."

"काय सांगता?"

खरंच आहे ते. टेक्सासात किंग रँच नावाची अवाढव्य जहागीर आहे. १९३० च्या सुमारास त्यांनी तिथं आपली नीलगाय नेऊन सोडली. ती तिथं अशी काही फोफावली की आता हजारोंनी आहे. त्याच राज्यात आपले चितळही आहेत. परदेशी जनावर म्हणून त्यांना शिकारीचा ठरावीक हंगामही नाही, बारा महिने मुभा. लोक लांबून विमानानं येतात, तंबूत नाहीतर रँचच्या बंगल्यात उतरतात, वाटाड्या घेतात आणि एका रोह्यासाठी हजारांत डॉलर मोजतात.

मावशींनी बोटांवर डॉलरचे रुपये करायला घेतले. हिशेब लाखाच्या पुढं गेला तशी त्यांची बोटं थांबली. "बाई, आमच्या रानात काल रात्री अकरा व्हते."

मग या अकरा लाखवाल्यांबद्दल मावशींच्या मनात जी काही खळबळ झाली ती भिंतीच्या अलीकडूनही दिसत होती. "मंग सरकार आपल्याला कामून न्हाई देत परवानगी?"

"दिलीय की," वहिनी म्हणाल्या. त्यांचे दीर वनखात्याच्या कचेरीत असल्यानं या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. महाराष्ट्र सरकारनं २०१५ साली नुकसान करणाऱ्या रोही आणि रानडुकराच्या पारधीची परवानगी देण्याची सोय केली. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडं अर्ज करायचा.

"आन् बंदूक?"

इथंच गाडी अडते. परवाना मिळाला तरी शेतकऱ्याकडं बंदूक कुठली? असली तरी रात्री, उभ्या पिकात, पलीकडं माणसं जागलीला बसलेली असताना गोळी कोण झाडणार? बिहारनं २०१६ च्या जूनमध्ये मोकाम्याला हे करून पाहिलं. दोनशेच्या वर रोही काही दिवसांत मारली. त्यावरून दिल्लीत मेनका गांधी आणि प्रकाश जावडेकर, एकाच सरकारातले दोन मंत्री, उघड भांडले. आणि तिथं निशाणेबाज बोलावले होते हैदराबादहून.

"पुन्हा हैदराबादवालेच!" मावशी कडाडल्या. "सासऱ्यांना सांगायला पाह्यजे व्हतं."

मग उरतो अर्ज. नुकसान झालं की लगेच कळवायचं, वनखात्याचा माणूस, कृषी खात्याचा माणूस, गावातले पंच यांनी येऊन पंचनामा करायचा, फोटो, सातबारा, बँकेचं पासबुक. भरपाई मिळते, नाही असं नाही. पण रोही खाताना मोजून खात नाही, आणि पंचनामा मात्र मोजून होतो. शिवाय अर्धवट कुरतडलेला घाटा आणि पाखरानं टोचलेला घाटा यांतला फरक दाखवता दाखवता काकांचा अर्धा दिवस जातो.

मला राहून राहून एकच दिसतं. कोलोरॅडोतला माणूस पैसे भरून, रजा काढून, थंडीत कुडकुडत हरणाची वाट बघतो आणि त्याला मौज म्हणतो. आमचे काका तीच थंडी, तीच शेकोटी, तेच दोस्त, तेच हरीण घेऊन बसतात. फक्त हरीण येऊ नये म्हणून. तिकडं जनावर मोजलेलं आहे, त्याचा धनी ठरलेला आहे, त्याच्या जिवाची किंमत खात्यात जमा होते. इकडं रोही दिवसा सरकारचं आणि रात्री आमच्या हरभऱ्याचं. त्याला खाणारंही कुणी उरलं नाही. काळविटामागं पळणारा चित्ता देशातून गेलाच, १९५२ ला तसं जाहीरही झालं. परत आणला तो मध्य प्रदेशात कुनोला, २०२२ साली, आणि दिवस कुठला? १७ सप्टेंबर. आम्ही इकडं मराठवाडा मुक्तीचा झेंडा लावत होतो, तिकडं नामिबियाचे आठ चित्ते पिंजऱ्यातून मुक्त होत होते. वाघ म्हणाल तर २०१९ मध्ये एक येऊन गेला. टिपेश्वरचा, गळ्यात पट्टा घातलेला, जोडीदारीण आणि मुलूख शोधत निघालेला. यवतमाळ, नांदेड, हिंगोली, वाशीम असं करत पाच महिन्यांत तेराशे किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला.

"आमच्या जिल्ह्यात राह्यला असता तर काय बिघडलं असतं?" मावशी म्हणाल्या. "अकरा रोही तयार व्हते."

"मावशी, वाघ राहिला असता तर काका जागलीला गेले असते का?"

"तेच तं म्हणते!" मावशींनी आवाज खाली आणला. आता खरी गोष्ट येणार हे आम्हा दोघींना कळलं. "तुमाला काय वाटतंय, जागलीला ह्ये रोह्यासाठी जातात? परवा भाकरीचं फडकं परत आलं, त्यात हाडूक निघालं. कोंबडीचं! माळकऱ्याच्या घरात! म्या इचारलं तं म्हणतात, मास्तरांच्या डब्यातलं असंल."

वहिनी फिसकन हसल्या. त्यांच्या घरातून त्याच रात्री तिखट आणि खोबरं गायब झालं होतं. दोन्ही घरचे पुरावे भिंतीवरच जुळवले गेले. पंचनामा इतक्या झटपट होतो हे वनखात्यानं येऊन बघायला हवं होतं.

"जहागीरदाराच्या तंबूत तेच, अमेरिकेत तेच, आखाड्यावर तेच," मावशींनी निकाल दिला. "हरीण हे निमित्त. घराबाहेर चार जण मिळून बसायला मिळतंय ना, म्हणून पुरुष रात्र काढतात. आन् आपण? डबे भरून देतोय, साड्या फाडून देतोय. त्या अमेरिकेतल्या बाईचं मला पटलं बगा. रांधून देत बसली न्हाई, गेली."

"म्हणजे?"

"म्हणजे या पुनवेला जागल आपली. तुमी, म्या, वहिनी, वरच्या आळीतल्या दोघी. हुरडा हाय, ढाळे हायेत, बॅटरी हाय. डबा वाजवायला काय ताकद लागती का? आन् आपल्या पाचजणींचा आवाज चालू झाला तर रोही जिल्हा सोडून जाईल."

"आणि काका?"

"त्यांनी घरी बसावं. नुकसानभरपाईचा फारम भरावा. पहाटं आपण यायच्या आत चहा ठिवावा." मावशींनी पदर सोडून नीट केला, म्हणजे सभा संपली. दोन पावलं गेल्या आणि परत वळल्या. "आन् बाई, तुमी शिकलेल्या हाव. बायांनी जागल करू नये असं कोणत्या शासन निर्णयात लिव्हलंय का, तेवढं बगून ठिवा. आमचं म्हातारं नक्की तेच इचारणार."